फिकी चाय

माय गेली त्याला चार महिने झाले होते, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली अजून माझ्या पर्समध्येच होती. कपाटात साखरेचा डबा होता. कुलूप मी लावलं होतं, मायपासून साखर दूर राहावी म्हणून. ती गेल्यावर ते कुणासाठी, हे माझ्या मनात यायला चार महिने लागले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी कपाट उघडलं. ती गेल्यापासून मी घरी चहा केला नव्हता. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पीत होते. डब्यातल्या कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या साखरेचा पावसाळी हवेनं दगड झाला होता. मी झाकण लावलं आणि डबा घेऊन प्रयागबाईकडे निघाले. साखर हे निमित्त होतं. मला तिला एक गोष्ट विचारायची होती: तू मायला चोरून साखर देत होतीस का? आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं, 'हो' हवं होतं.

इंदोऱ्यात आमचं आणि तिचं घर एकाच गल्लीत, मध्ये तीन दारं. ती आणि माय एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या आणि तीस वर्षं दोघींनी एकाच कारखान्याच्या बिड्या वळल्या. दुपारी आमच्या ओसरीवर समोरासमोर बसायच्या, पाय लांब पसरून, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. एकीचे पाय दुसरीच्या मांडीपर्यंत पोचायचे. शाळेला उशीर झाला की मी त्या चार पायांवरून उडी मारून जायची आणि मागून प्रयागबाई ओरडायची, "पाय तोडते काय वं, शामले!" वडील गिरणीत होते. ते एकसष्ट साली गेले. त्यानंतरचं माझं सगळं शिक्षण त्या सुपातून निघालं.

मी मराठीत एम.ए. केलं आणि सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजात मराठीच शिकवायला लागले. लग्न केलं नाही. हळूहळू घरातही मी पुस्तकातलं बोलू लागले, आणि मायला दुरुस्त करू लागले. "चाय नव्हे, चहा. आणि ती नव्हे, तो."

"थो असो का थे," माय म्हणायची, "पोटात गेल्यावर एकच."

पण कॉलेजातलं कुणी घरी आलं की ती दाराआड उभी राहून ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणून पाहायची, आणि मग बाहेर येऊन विचारायची, "चहा घेता का?" मला तेव्हा तिचा अभिमान वाटायचा. नेमका कशाचा, ते आज मला सांगता येणार नाही.

पंचाहत्तर साली तिला फार तहान लागायला लागली. दोन महिन्यांत चोळ्या सैल झाल्या. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मधुमेह आहे. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, गोळ्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे साखर, गूळ, मिठाई आजपासून बंद. माय दिवसाला पाच वेळा चहा प्यायची आणि दरवेळी कपात तीन चमचे. परत येताना सायकलरिक्षात मी तिला विचारलं, "जमेल का तुला?"

"छप्पन साली देव सोडले वं बाई, एका दिवसात," ती म्हणाली. "साखरेचं काय घेऊन बसली!"

ते खरं होतं. दीक्षा घेऊन आल्यावर देव्हाऱ्यातले टाक तिनं फडक्यात बांधले आणि कन्हान नदीत सोडून आली. वडील पुढं दोन-तीन वर्षं एखाद्या देवळासमोरून जाताना थबकायचे. माय कधी थबकली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा मी करू लागले. तिचा बिनसाखरेचा आधी गाळायचा, मग माझ्या कपात दोन चमचे घालायचे. ती चहा पीत असताना मी मोरीजवळ तिची लघवी तपासायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं औषध, त्यात आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर. उकळूनही निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, मग नारिंगी, मग विटकरी. दीडेक वर्ष ती नळी निळी किंवा फिकट हिरवी राहिली. मी कप तिच्यासमोर ठेवायची, नळी पाहायची आणि साडी नेसून कॉलेजला पळायची. सोबत बसून चहा प्यायला मला वेळ नसायचा.

शहात्तरच्या वैशाख पौर्णिमेला विहारात नेहमीसारखी खीर होती. दरवर्षी मोठं पातेलं ढवळायला माय असायची. त्याही वर्षी गेली. आपल्या वाटणीचा द्रोण तिनं झाकून माझ्यासाठी घरी आणला. माझ्या हातात देण्याआधी तिनं तो नाकाजवळ धरला आणि डोळे मिटून वास घेतला.

"इलायची जास्त पडली औंदा."

"चाखलीस?"

"नाही वं. नाकाले डॉक्टरनं कुठं मना केलं?"

सत्याहत्तरच्या जानेवारीत एका रविवारी थंडी फार होती. सुट्टी होती, म्हणून मी चहात सुंठ किसून घातली आणि दोन्ही कप घेऊन ओसरीवर उन्हात आले. माय गोधडी पांघरून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. काय बोललो ते आता आठवत नाही. समोरच्या घरच्या कोंबडीबद्दल काहीतरी. तिनं बशीत ओतून सगळा चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "आजची चाय गोड झाली वं."

मी माझा कप पाहिला. माझा माझ्याच हातात होता. अदलाबदल झाली नव्हती. मी उठले, मोरीपाशी जाऊन नळी दिव्यावर धरली. ती पिवळी झाली.

"माय, साखर खाल्लीस?"

"नाही."

"मग चहा गोड कसा झाला?"

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "म्या साखर नाही खाल्ली, बाई. शप्पथ तुयी."

मी तिचं अंथरूण झटकलं. तंबाखूचं फडकं सोडून पाहिलं, पानांची टोपली उपडी केली. काही सापडलं नाही. पण नळी पिवळी होती आणि गोड हा शब्द तिनं स्वतः उच्चारला होता. मला आणखी पुरावा लागला नाही. त्याच आठवड्यात मी बी.ए.च्या वर्गाला शब्दशक्ती शिकवत होते: शब्दाचा एक अर्थ कोशातला असतो आणि दुसरा बोलणाऱ्याच्या मनातला.

कपाटाला कुलूप त्या दिवशी लागलं. दुपारी प्रयागबाई सूप घेऊन आली तेव्हा मी दारातच उभी होते.

"मावशी, तू काही दिवस येऊ नकोस."

"काहून वं?"

"तुला माहीत आहे. तुझ्याकडे साखर असते."

तिनं माझ्या खांद्यावरून मायकडे पाहिलं. माय खाली मान घालून पान कातरत होती. प्रयागबाईनं सूप कमरेवर घेतलं. "लय मोठी मास्तरीण झाली तू," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्यानंतर माय एकटीच ओसरीवर बसायची, पाय पोटाशी घेऊन, लुगड्याखाली झाकून. आणि रोज सकाळी कप रिकामा केला की म्हणायची, "चहा चांगला आहे." अगदी तसंच, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. मला वाटलं रुसली आहे, म्हणून परक्यासारखं बोलते. मीही काही विचारलं नाही. नळी पिवळीच राहिली, मग नारिंगी झाली. मी कुलूप ओढून ओढून पाहायची.

मार्चमध्ये तिच्या अंथरुणाला वास यायला लागला, तेव्हा मी गोधडी बाजूला केली. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. "थंडीतच टोचला होता काहीतरी खडा," माय म्हणाली. "दुखेच ना, म्हणून म्हटलं होईल बरा."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, लघवीत साखर कधीपासून वाढली? मी म्हटलं, जानेवारी. "मग जखमही तेव्हाचीच," ते म्हणाले. "जखम पिकली की साखर वाढते. काही खाल्लंच पाहिजे असं नाही. पाय रोज कुणी पाहत नव्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

शेवटच्या दिवसांत तिनं एकदा पाणी मागितलं आणि एकदा प्रयागला. मी रिक्षा पाठवून प्रयागबाईला आणलं, पण तोवर माय शुद्धीत नव्हती. प्रयागबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, पांघरुणावरून तिनं मायचा चांगला पाय बराच वेळ धरून ठेवला, आणि परत गेली. अकरा एप्रिलला माय गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीला प्रयागबाई आली होती, मागं बसली, जेवली आणि सगळ्यांबरोबर उठली.

म्हणजे नळीच्या रंगाचं उत्तर मला मिळालं होतं. राहिला होता तो एक शब्द. बिनसाखरेचा चहा गोड कसा लागेल? कधीतरी, कुठून तरी, तिनं साखर खाल्ली असलीच पाहिजे. तेवढं खरं निघालं असतं तर मी चुकले ते निम्मंच चुकले असते. त्या निम्म्यासाठी मी डबा घेऊन निघाले होते.

प्रयागबाई ओसरीवर एकटी बसली होती, सूप मांडीवर घेऊन. तिचे पाय समोर पसरलेले होते आणि त्यांच्यासमोर कुणी नव्हतं. आतून चुलीवरच्या भाजीचा, लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

"ये," ती म्हणाली. तिच्या हातातली बिडी पूर्ण वळून होईपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. "काय आणलं?"

"साखर. घरात पडून होती."

तिनं डबा हलवून पाहिला. आतून आवाज आला नाही. झाकण काढून तिनं बोटानं टोकलं. "याले त सब्बल लागते फोडायले."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"तुझ्याकडे खपेल, म्हणून आणली."

"मायाकडे? मले काय करायची साखर? पाव्हणा आला त एखाद्या वेळी. मी फिकीच पेतो."

"तुलाही मधुमेह झाला?"

"मले काय होते! तुयी माय फिकी पे न. थे समोर बसून फिकी पेऊन राहिली, आन मी साखरेची पेऊ काय? चांगलं दिसते? पयले पंधरा दिवस गळ्याखाली उतरे ना. तुयी माय हासे मले. मंग जमली. आता कोणी साखरेची देल्ली त घसा चिकटते."

मी उभीच होते. विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. जिनं साखर पुरवली असं मी धरून चालले होते, तिनं मायसाठी साखर सोडली होती. आणि मी, त्याच घरात, रोज सकाळी माझ्या कपात दोन चमचे घालत होते.

"बस न," ती म्हणाली. "जेवून जा. अंबाडीची भाजी केली. गोड झाली आज."

"अंबाडी?" मी म्हटलं. अंबाडीची भाजी इतकी आंबट असते की लहानपणी मी ती डोळे बारीक करून खायची. "गूळ घातलास का?"

प्रयागबाईनं हातातलं पान खाली ठेवलं. "गूळ? अंबाडीत गूळ? थे तुया पुण्याकडच्या बाया टाकत असतीन. गोड म्हंजे गोड वं. जिभेले बरी लागली. मीठबीठ बरोबर पडलं. इतके बुकं वाचले आन घरचं बोलणं इसरली?"

मी ओसरीच्या कडेवर बसले.

मला आठवायला लागलं. वडील वांग्याच्या भाजीला म्हणायचे, तिखटानं नाकातून पाणी यायचं आणि म्हणायचे, लय गोड झाली. माय ठेच्याला म्हणायची. मी स्वतः म्हणत होते, कॉलेजात जाईपर्यंत. शब्द कुठं गेला नव्हता. मीच त्याला दुसऱ्या घरी नेऊन ठेवलं होतं आणि मग त्या घरच्या अर्थानं मायला पकडलं होतं.

"माय बोलली होती तुझ्याशी?" मी विचारलं. "त्या दिवसाबद्दल?"

"नळावर भेटे न. तू घरी येऊ नको म्हनलं होतं, नळ त काही तुया नव्हता." तिचा आवाज उतरला. "म्या म्हनलं तिले, चाल, मी सांगतो लेकीले, गोड कायले म्हणतेत आपल्यात. नाही म्हणे. म्हणे, चुकलं मायंच. शामला कितीखेपा सांगते का नीट बोलत जाय. लेक कधी नाही थे जवळ बसली, चाय देल्ली, म्हनलं बोलाव दोन शब्द. तोंडातून आपलंच बोलणं निंगून गेलं."

गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. प्रयागबाईनं ती जाऊ दिली.

"मंग नळावर घागर भरता भरता पाठ करे. चहा चांगला आहे. चहा चांगला आहे. मले इचारे, बरोबर हाय काय वं? मले काय समजते! म्या म्हनलं, हो, बरोबर हाय."

ती आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. मी जेवले. भाजी आंबट होती. तिनं मला कशी झाली ते विचारलं नाही. हात धुऊन निघताना मी म्हटलं, "मावशी, उद्या सकाळी घरी येशील? मला दहापर्यंत वेळ आहे."

तिनं साखरेचा डबा उचलून कोनाड्यात ठेवला. "हे पौर्णिमेच्या खिरीले देऊन टाकू," ती म्हणाली. येते की नाही ते बोलली नाही.

सकाळी मी आधण ठेवलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच. सुंठ किसली. दोन कप गाळले, आणि माझ्या कपात दोन चमचे घालायला कपाटाकडे हात गेला तेव्हा लक्षात आलं की साखर घरात नाही. तो तसाच राहू दिला. बाहेर सूप टेकवल्याचा आवाज झाला.

प्रयागबाई तिच्या जागी बसली होती, भिंतीकडे पाठ करून, जशी सात महिन्यांपूर्वीपर्यंत बसायची. मी कप तिच्यासमोर ठेवला. तिनं बशीत ओतलं, फुंकर घातली आणि घोट घेतला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मला काय ऐकायचं आहे ते तिला कळत असावं, आणि ती ते उगीच म्हणणार नाही हेही मला कळत होतं.

"पत्ती लय टाकली वं," ती म्हणाली. "कडू झाली."

मी माझ्या कपातून घोट घेतला. दोन वर्षं मी मायला जी चाय देत होते ती मी स्वतः आजवर कधी चाखलीच नव्हती. कडूच होती. आणि तरी जानेवारीतल्या त्या उन्हात तिनं ही, अशीच, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन बशी खाली ठेवली होती.

"उद्या कमी टाक," प्रयागबाई म्हणाली.

"उद्या येशील?"

"येतो न. कुठं जाऊन राहिली मी."

तिनं सूप मांडीवर ओढलं आणि पाय लांब केले. थोड्या वेळानं मी तिच्यासमोर, मायच्या जागी सरकले. तिच्या डाव्या टाचेला एक भेग पडली होती. मी वाकले, पाय उजेडाकडे वळवला आणि ती भेग नीट पाहिली.